श्रोत्याच्या खुर्चीवरून पिंक फ्लॉइड: लॉस एंजेलिस, 26 एप्रिल 1975

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'विश यू वेअर हिअर' या ध्वनिमुद्रिकेला सप्टेंबर 2025 मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने 12 डिसेंबर 2025 रोजी सोनी म्युझिकने तिची विस्तारित आवृत्ती बाजारात आणली. नवी ध्वनिमिश्रणे, स्टुडिओतले कच्चे मसुदे असा सुवर्णमहोत्सवाला शोभणारा नेहमीचा ऐवज तीत आहेच. माझे लक्ष मात्र पहिल्या दिवसापासून एकाच गोष्टीवर खिळले आहे. लॉस एंजेलिसच्या मेमोरियल स्पोर्ट्‌स अरीना या बंदिस्त क्रीडागृहात 26 एप्रिल 1975 रोजी झालेला या बँडचा कार्यक्रम माइक मिलार्ड नावाच्या एका श्रोत्याने गर्दीत बसून, कोणाचीही परवानगी न घेता, कॅसेटवर उतरवून घेतला होता. चोरट्या प्रतींतून पन्नास वर्षे फिरत राहिलेले हे ध्वनिमुद्रण आता बँडच्या संमतीने, ब्रिटिश संगीतकार व ध्वनिमिश्रक स्टीव्हन विल्सन यांनी स्वच्छ करून, अधिकृतपणे प्रसिद्ध झाले आहे. हे परीक्षण तेवढ्याच भागाचे आहे.

मिलार्ड (1951 ते 1994) हा दक्षिण कॅलिफोर्नियातला तरुण सत्तरच्या दशकात तिथल्या मोठमोठ्या कार्यक्रमांना हजेरी लावून ते टिपत असे, आणि लेड झेपेलिन या रॉक बँडच्या 1977 मधील लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमांच्या त्याच्या टेप जाणकारांत आजही प्रमाण मानल्या जातात. त्याची साधनसामग्री हौशी माणसाच्या खिशाला सहज परवडणारी नव्हती: एकेजी कंपनीचे 451 मालिकेतले दोन कंडेन्सर मायक्रोफोन आणि नाकामिचीचा 550 हा बॅटरीवर चालणारा स्टिरिओ कॅसेट रेकॉर्डर. हा रेकॉर्डर कोटाच्या आत दडवण्याजोगा नव्हता, म्हणून काही कार्यक्रमांना मिलार्ड चाकाच्या खुर्चीत बसून, अपंगत्वाचे सोंग घेऊन, सगळी यंत्रणा खुर्चीतच लपवून आत शिरत असे. या सोंगाचे समर्थन करणे अवघड आहे, आणि ते केल्यावाचूनही त्याच्या कामाचे मोल मान्य करता येते. त्याने आपल्या टेप विकल्या नाहीत. मित्रांना प्रती देताना तो त्यांवर ओळखीच्या खुणा ठेवी, म्हणजे पुढे कोणी त्यांचा धंदा मांडलाच तर प्रत कोणाकडून फुटली हे त्याला कळावे. तरीही धंदा झालाच. आज त्याच टेपची विक्री एक बहुराष्ट्रीय कंपनी राजरोस करते आहे, आणि हे कळल्यावर त्याने काय केले असते, हा विचार ऐकताना अधूनमधून डोकावतोच.

त्या आठवड्यात क्रीडागृहात काही लपवून नेणे एरवीपेक्षा कठीण असले पाहिजे. 23 ते 27 एप्रिल अशा सलग पाच रात्री हा बँड तिथे वाजवत होता, आणि शहराचे पोलीसप्रमुख एड डेव्हिस यांनी रॉक संगीताच्या श्रोत्यांना धडा शिकवायचे ठरवले होते. पाच रात्रींत पाचशेहून अधिक तरुणांना, बहुतेकांना गांजा बाळगल्याबद्दल, अटक झाली. दारावर अशी झडती चालू असताना दोन मायक्रोफोन आणि एक अवजड रेकॉर्डर घेऊन आत जाणे आणि कार्यक्रमभर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या धक्क्यांतून ते सांभाळणे, हे ज्याने साधले त्याच्या हाताला कंप सुटला नसेल असे नाही, पण टेपमध्ये तो कुठे जाणवत नाही.

माझी आणि या ध्वनिमुद्रणाची ओळख जुनी आहे, आणि ती सुखाची नव्हती. महाविद्यालयात असताना एका दुकानातून मी याची दोन तबकड्यांची चोरटी प्रत घेतली होती. वेष्टणावर गावाचे नाव बरोबर होते, तारीख चुकीची होती आणि दुसऱ्या तबकडीवरच्या गाण्यांचा क्रम भलताच होता. त्याहून वाईट म्हणजे गाणी किंचित घाईत असल्यासारखी वाटत. एके दिवशी घरातली पेटी काढून मी 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'मधली डेव्हिड गिलमोर यांची गिटारवरची ती सुप्रसिद्ध चार स्वरांची हाक ताडून पाहिली. ती काळी पाच, पांढरी चार, पांढरी पाच आणि पांढरी तीन अशी वाजायला हवी. माझ्या प्रतीत पहिलाच स्वर पांढरी सातला लागत होता, म्हणजे सगळा कार्यक्रम अर्धा सूर चढला होता. कॅसेटवरून कॅसेटवर नक्कल होताना कुठल्या तरी यंत्राची गती बिघडलेली असणार. अर्धा सूर चढणे म्हणजे तेरा मिनिटांच्या रचनेतून सुमारे पाऊण मिनिट गळून जाणे, आणि पिंक फ्लॉइडच्या संगीतात ते पाऊण मिनिट म्हणजे नेमका मधला श्वास. नवी आवृत्ती हाती आल्यावर मी सर्वप्रथम पेटीच उघडली. काळी पाच दाबली आणि गिटारचा स्वर तिच्यात मिसळून गेला.

आता प्रत्यक्ष ध्वनीविषयी. मंचावरच्या प्रत्येक वाद्याचा ध्वनी स्वतंत्र मुद्रित करून नंतर स्टुडिओत त्यांचे मिश्रण करणे हा अधिकृत ध्वनिमुद्रणाचा रिवाज आहे. तिथे श्रोता जणू वाद्यांच्या मधोमध, हवेत कुठेतरी तरंगत असतो, जिथे प्रत्यक्षात कोणालाच बसता येत नाही. मिलार्डच्या टेपमध्ये तुम्ही एका विशिष्ट खुर्चीवर बसलेले असता. समोर मंच आहे, त्याच्या ध्वनिवर्धकांतून आलेला नाद आहे, आणि त्याच्या मागोमाग छतावरून व भिंतींवरून परतलेली त्याची सावली आहे. विल्सन यांनी 2025 मध्येच प्रसिद्ध झालेल्या याच बँडच्या पॉम्पेईच्या चित्रपटाचे ध्वनिमिश्रण केले होते, पण तिथे त्यांच्या हाताशी वेगवेगळे ध्वनिमार्ग (ट्रॅक) होते. इथे कॅसेटवरचे डावे आणि उजवे एवढे दोनच. त्यामुळे झांजा थोड्या मागे घे, गायन थोडे पुढे आण, असली मुभा फारशी नव्हती. त्यांनी घोंघाट निवळवला आहे, खर्जातला गढूळपणा कमी केला आहे, आणि मुख्य म्हणजे सभागृह पुसून टाकलेले नाही. माझ्या मते त्यांच्या कामातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच आहे. 1959 मध्ये उघडलेले हे क्रीडागृह 2016 मध्ये पाडले गेले आणि त्या जागी फुटबॉलचे मैदान उभे राहिले, त्यामुळे त्या छताखाली गिटारचा सूर किती वेळ रेंगाळत असे हे पडताळायला आता अशा टेपच उरल्या आहेत.

आपल्याकडे खासगी मैफलींच्या स्पूलवरच्या ध्वनिमुद्रणांवर पोसलेल्या श्रोत्याला हा अनुभव नवा वाटणार नाही. मायक्रोफोन तानपुऱ्याला खेटून ठेवलेला असतो, पुढच्या रांगेतल्या कोणाची तरी 'वा!' ही दाद गवयाच्या समेपेक्षा मोठी ऐकू येते, मध्येच कपबश्या वाजतात, आणि तरीही ती मैफल स्टुडिओतल्या तीन मिनिटांच्या तबकडीपेक्षा जवळची वाटते. फरक इतकाच, की आपल्या मैफलीत पन्नास माणसे असत आणि इथे हजारो आहेत. त्यांच्या टाळ्या, शिट्ट्या आणि आरोळ्या संथ जागी आड येतात हे खरे. 'शाइन ऑन'च्या आरंभी रिचर्ड राइट यांचे की-बोर्डवरचे लांब स्वर धुक्यासारखे पसरत असतात, तिथे निःशब्दता हवी असते आणि ती मिळत नाही. ज्यांना हे सहन होत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये.

परंतु हा कार्यक्रम ऐकण्याचे खरे कारण ध्वनीच्या दर्जाहून मोठे आहे. त्या संध्याकाळच्या पूर्वार्धात वाजलेल्या एकाही रचनेची अधिकृत ध्वनिमुद्रिका त्या दिवशी अस्तित्वात नव्हती. बँड लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतले काम अर्धवट टाकून अमेरिकेत आला होता आणि जे शिजत होते तेच लोकांपुढे वाढत होता. सुरुवातीलाच 'रेव्हिंग अँड ड्रूलिंग' आणि 'यूव्ह गॉट टू बी क्रेझी' ही दोन लांब, रागीट गाणी येतात. ही दोन्ही 'विश यू वेअर हिअर'मधून वगळली गेली आणि 1977 च्या 'ॲनिमल्स'मध्ये 'शीप' आणि 'डॉग्ज' या नावांनी, पुष्कळ बदलून, अवतरली. ज्यांच्या कानांत ती नंतरची रूपे मुरलेली आहेत त्यांना हा आधीचा खर्डा विलक्षण वाटेल. 'शीप'च्या आरंभी राइट यांचा जो हळुवार इलेक्ट्रिक पियानो आहे तो इथे नाही. रॉजर वॉटर्स यांच्या बेस गिटारचा प्रतिध्वनीत गुंतलेला एकसुरी ठोका थेट अंगावर येतो आणि निक मेसन यांचे ड्रम त्याला धरून धावत सुटतात. नेमक्या याच गाण्यात टेपची मर्यादाही सर्वांत उघडी पडते, कारण बेसचा घुमारा सभागृहाच्या घुमाऱ्यात मिसळून काही ठिकाणी शब्द गिळतो.

'यूव्ह गॉट टू बी क्रेझी' हे याहून बोलके उदाहरण आहे. वॉटर्स यांनी त्यात इतके शब्द कोंबले आहेत की गायक गिलमोर यांना श्वास घ्यायला जागाच उरलेली नाही; ओळ संपते न संपते तोच पुढची ओळ मानगुटीवर बसते, आणि लयही 'डॉग्ज'पेक्षा चढी आहे. पुढे 'डॉग्ज' करताना शब्दांना कात्री लागली, लय उतरली, आणि सतरा मिनिटांचे ते शिल्प तयार झाले. इथे त्या शिल्पाचा दगड आहे, छिन्नीच्या खुणांसह. एखाद्या कवीच्या वहीतले खोडलेले शब्द वाचताना जसा आपण किंचित संकोचतो, तसा संकोच मला हे गाणे ऐकताना दरवेळी वाटतो, आणि तरी मी ते परत लावतो. गिटारचे जोडसूर मात्र इथेही तेवढेच सुंदर आहेत. म्हणजे चाल आधीच गवसली होती, अडचण शब्दांची होती.

'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'कडे मी थोडा अधिक वेळ देणार आहे. बँडचा संस्थापक गायक सिड बॅरेट मानसिक आजाराने 1968 मध्ये बाहेर पडला होता. त्याच्यासाठी केलेली ही रचना बँड 1974 च्या जूनपासून फ्रान्समध्ये आणि नंतर ब्रिटनमध्ये अखंड वाजवत असे. 1974 च्या नोव्हेंबरमधल्या वेम्ब्लीच्या कार्यक्रमाचे बीबीसीने केलेले ध्वनिमुद्रण 2011 मध्ये अधिकृतपणे आले, त्यात ती तशीच सलग आहे. लॉस एंजेलिसमध्ये मात्र तिचे दोन तुकडे झालेले आहेत आणि मधे 'हॅव अ सिगार' बसवले आहे. पुढे ध्वनिमुद्रिकेत हाच विचार पक्का झाला, फक्त मधल्या जागेत आणखी दोन गाणी आली. सबंध रचना फोडून तिच्या पोटात दुसरे काही ठेवण्याचा तो बेत प्रत्यक्ष श्रोत्यांवर कसा आजमावला गेला, हे इथे कानांनी पाहता येते. 'विश यू वेअर हिअर' हे शीर्षकगीत या संध्याकाळी वाजलेच नाही. आणि ज्याच्या विरहाचे हे गाणे, तो सिड बॅरेट यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, डोके व भुवया भादरलेल्या, सुटलेल्या देहाने अचानक ॲबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला आणि त्याच्या जुन्या सोबत्यांनी त्याला ओळखले नाही. त्या घटनेनंतरचे हे गाणे आपण सगळे जन्मभर ऐकत आलो आहोत. या टेपवर ते त्या घटनेच्या आधीचे आहे. गिलमोर यांच्या चार स्वरांत इथे मला शोकापेक्षा कुतूहल अधिक ऐकू येते. हा माझ्या मनाचा खेळ असेलही.

'हॅव अ सिगार' इथे वॉटर्स आणि गिलमोर दोघे मिळून गातात. ध्वनिमुद्रिकेवर ते पाहुणे गायक रॉय हार्पर यांच्या तोंडी गेले, आणि तो बदल योग्यच होता असे हे ऐकल्यावर वाटते, कारण या दोघांच्या जुगलबंदीत चाल सांभाळण्याची धडपड जास्त आणि उपहास कमी आहे. रेकॉर्ड कंपन्यांच्या मालकांची टर उडवणारे हे गाणे अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या राजधानीतच, बहुधा त्यातले काही मालक पुढच्या रांगांत बसलेले असताना, गायले गेले, ही गंमत वेगळी.

उत्तरार्धात 'द डार्क साइड ऑफ द मून' ही आधीची ध्वनिमुद्रिका संपूर्ण आहे. इथे फार रेंगाळण्याचे कारण नाही. वेम्ब्लीचे बीबीसीचे ध्वनिमुद्रण या भागासाठी अधिक स्वच्छ आहे आणि ज्याला एकच प्रत ठेवायची आहे त्याने ती ठेवावी. तरी दोन जागा सांगितल्याच पाहिजेत. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये स्टुडिओत क्लेअर टोरी यांनी एकटीने जे शब्दावाचून गायले, ते इथे व्हेनेटा फील्ड्‌स आणि कार्लीना विल्यम्स वाटून घेतात, आणि चर्चमधल्या गायनाचा वारसा घेऊन आलेले ते दोन आवाज त्या गाण्याला मृत्यूच्या भीतीकडून प्रार्थनेकडे नेतात. टाळ्या आधीच सुरू होतात, आणि यावेळी त्यांचा राग येत नाही. दुसरी जागा 'मनी'मधली: डिक पॅरी यांचा सॅक्सोफोन संपून गिलमोर यांची गिटार उसळते तेव्हा मिलार्डच्या आसपासचे लोक अक्षरशः उठून उभे राहिल्यासारखा आवाज येतो आणि मंच क्षणभर दूर गेल्यासारखा वाटतो. स्टुडिओत असे कधी घडत नाही. बँडची ध्वनियंत्रणा चहूबाजूंनी बसवलेली होती. घड्याळे, पावले, हसणे हे सारे सभागृहभर फिरत असे. समोर रोखलेल्या दोन मायक्रोफोनना त्यातला मागचा भाग अंधूकच मिळतो, म्हणून 'ऑन द रन'मध्ये आपण बरेच काही गमावतो. वर्तुळाकार पडद्यावरची चित्रे तर गमावतोच.

कॅसेटवर टिपणाऱ्याची एक अडचण सामान्य श्रोत्याच्या लक्षात येत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची असते आणि 'डार्क साइड' मंचावर त्याहून लांबत असे, तेही मधे न थांबता. बाजू कधी उलटायची, कोणता क्षण गेला तरी चालेल, याचा हिशेब अंधारात, गाणे ऐकता ऐकता करावा लागतो. म्हणजे ज्याने आपल्यासाठी हा कार्यक्रम जपला, त्याला तो आपल्याइतका निवांत कधीच ऐकता आला नसणार.

शेवटी, लोकाग्रहास्तव, 'एकोज'. 1971 च्या या तेवीस मिनिटांच्या रचनेत या दौऱ्यावर पॅरी यांचा सॅक्सोफोन गिटारच्या काही जागा घेतो. काहींना तो खटकतो. मूळ रचनेतला समुद्राच्या तळाचा गारवा त्याने थोडा उबदार होतो हे मान्य, पण त्या वर्षीच्या जुलैनंतर बँडने 'एकोज' कितीतरी वर्षे वाजवले नाही, हे ठाऊक असल्यावर ही ऊब मला परकी वाटत नाही. मधल्या भुताटकीच्या भागात, जिथे गिटार पक्ष्यासारखी किंचाळते, तिथे एवढा मोठा जमाव जवळजवळ गप्प होतो. पूर्वार्धात जी शांतता मिळाली नाही ती इथे मिळते, आणि टेपची सळसळही तिथेच पहिल्यांदा स्पष्ट ऐकू येते.

खरेदीविषयी थोडे. हा कार्यक्रम या आवृत्तीच्या सीडींवर नाही. तो मोठ्या पेटीतल्या, म्हणजे बॉक्स सेटमधल्या, ब्लू-रेवर आहे आणि डिजिटल स्वरूपात उपलब्ध आहे. केवळ यासाठी ती जड आणि महागडी पेटी घेण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही, आणि कॅसेटवर जन्मलेली गोष्ट या आवृत्तीत साध्या सीडीवर मिळू नये ही प्रकाशकांची निवड मला अजूनही उमगलेली नाही. डिजिटल प्रत पुरेशी आहे. ती छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकू नये, कारण सभागृहाचा घुमारा तिथे नुसता गोंगाट होतो. बऱ्यापैकी हेडफोन हवेत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सुरुवातीपासून न ऐकता तिसऱ्या गाण्यापासून, 'शाइन ऑन'पासून सुरुवात करावी आणि पहिली दोन गाणी कान त्या छताला सरावल्यानंतर लावावीत. माझी ती जुनी, अर्धा सूर चढलेली प्रत मी टाकून दिलेली नाही. वेष्टणावरच्या चुकीच्या तारखेवर फुली मारून खाली पेनने बरोबर तारीख लिहिली आहे.